भिंत अजून ओली आहे, रंगाचा डबा उघडू नका

पत्र थोडक्यात असं आहे. ठाण्यात नोकरी करणाऱ्या एका ताईंचं दापोली तालुक्यात समुद्राजवळ आजोबांच्या वेळचं जांभ्याचं घर आहे, तिथे आई आणि अण्णा दोघंच राहतात. माजघराच्या पश्चिमेकडच्या भिंतीचा रंग दर पावसाळ्यात फुगतो, पापुद्रे निघतात, पांढरी पूड खाली सांडते, शिवाय देवघरात वरच्या कोपऱ्यात तपकिरी डाग पडलाय. ताईंनी भरपूर व्हिडिओ बघून २० लिटरचा वॉटरप्रूफ रंगाचा डबा, पुट्टीच्या गोणी, रोलर सगळं आणून ठेवलंय आणि गणपतीच्या आधी रजा टाकून स्वतःच्या हाताने भिंत करायची ठरवलीय. पण अण्णा म्हणतात "चुना मारा नि गप बसा", दादा म्हणतो पीव्हीसी पॅनल मारून टाक म्हणजे कायमची कटकट संपेल, आणि आई म्हणते गणपतीआधी भिंतीला हातच लावू नको. ताईंचं म्हणणं, अण्णांना खर्च नको असतो म्हणून प्रत्येक गोष्टीवर त्यांचं एकच औषध. त्यांचा प्रश्न: पुट्टी मारून वॉटरप्रूफ रंग द्यावा की पॅनल लावावं, आणि अण्णांना कसं पटवावं?

ताई, डबा उघडला नसेल तर उघडू नका. पुट्टीच्या गोणी जमिनीवर ठेवल्या असतील तर उचलून फळीवर ठेवा आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, आपल्याकडच्या हवेत त्यांचा दगड व्हायला वेळ लागत नाही. मग निवांत बसून हे वाचा.

तुम्ही विचारलंत पुट्टी का पॅनल, पण माझं लक्ष पत्रातल्या तीन वेगळ्याच वाक्यांकडे गेलं जी तुम्ही जाता जाता लिहिलीत. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात पश्चिमेच्या पाख्याची, म्हणजे छपराच्या त्या बाजूच्या उताराची, कौलं उडाली म्हणून तिथे पत्रा घातला, पुढच्या बाजूला कौलं तशीच आहेत, हे एक. आई चिखलात घसरली म्हणून दोन वर्षांमागे दादाने अंगणात आणि घराच्या कडेने कोबा घातला, हे दुसरं. आणि तिसरं म्हणजे माजघराच्या भिंतीला खालून ३ फूट चॉकलेटी ऑइलपेंटचा पट्टा आहे आणि "गंमत म्हणजे पट्टा चांगला राहतो, रंग नेमका त्याच्या वरच फुगतो". ताई, तुमच्या भिंतीचं सगळं दुखणं या तीन वाक्यांत आलंय आणि त्यातलं एकही रंगाच्या डब्याने बरं होणारं नाही.

जांभा कसा दगड आहे ते आधी बघू, कारण व्हिडिओवाले बहुतेक विटांच्या आणि काँक्रीटच्या भिंती दाखवतात. जांभ्याचा चिरा, म्हणजे कापलेला दगड, खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, म्हणून तर तो असा सरळ कापता येतो, हवेवर तो कडक होत जातो, पण त्याची भोकं काही बुजत नाहीत. तो पाणी पितो आणि वारं-ऊन लागलं की सोडतो. दापोलीकडे चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यात भिंत ओली होणारच, हे तुमच्या आजोबांना आणि ज्या गवंड्याने घर बांधलं त्याला चांगलं माहीत होतं. म्हणून जोतं उंच, वळचण लांब, पागोळ्या भिंतीपासून दूर मातीत पडायच्या आणि जिरायच्या, पश्चिमेला झापांच्या (विणलेल्या नारळाच्या झावळ्यांच्या) झडी, म्हणजे आडोसे, बांधायच्या, भिंतीला चुना. पावसात भिंत ओली, दिवाळीनंतर हळूहळू कोरडी, असं ते वर्षाचं चक्र होतं.

आता कोब्याने काय झालं बघा. अंगणाची पातळी वर आली, जोतं अर्धं बुडालं. पागोळ्या मातीत जिरायच्या त्या आता कोब्यावर आपटतात आणि हात-दीड हात उंच भिंतीवर उडतात, आणि कोब्याचा उतार घराकडे असेल (असतोच बऱ्याचदा, कारण जुन्या अंगणाचा उतार कुणी नीट बघत नाही) तर पाणी जोत्याच्या कडेला उभंच राहतं. भिंत खालून आणि बाहेरून सतत पाणी पितेय. ही ओल आत यायचा प्रयत्न करते तर ऑइलपेंट, त्यातून ओल बाहेर पडत नाही, मग ती पट्ट्याच्या मागून वर चढते आणि पट्टा संपतो तिथे बाहेर निघते. पाणी उडून जातं, त्यातलं मीठ भिंतीत राहतं, त्याचे खडे धरतात आणि रंग आतून ढकलला जातो. तीच ती पांढरी पूड, आपण ज्याला लोणा म्हणतो. हे मीठ खाऱ्या वाऱ्यातून येतं, जमिनीतून येतं आणि प्लास्टरला खाडीची वाळू वापरली असेल तर प्लास्टरमधूनच येतं.

आता यावर तुम्ही पुट्टी आणि वॉटरप्रूफ रंग देणार म्हणजे ओल्या अंगावर रेनकोट घालून बटणं लावणार. गणपतीत भिंत सुंदर दिसेल, पाहुणे विचारतील कुठला रंग, पण पुढच्या पावसात ओल आणखी वर चढेल आणि या वेळी पापुद्र्यासकट पुट्टी आणि पुट्टीसकट प्लास्टर निघेल.

पॅनलबद्दल मी स्पष्टच सांगतो, ओल्या भिंतीवर पीव्हीसी पॅनल अजिबात नको. पॅनल लावायला मागे लाकडाच्या पट्ट्या ठोकतात, मागची जागा बंद, दमट आणि काळोखी, वाळवीला अजून काय पाहिजे. ती पट्ट्या खाऊन तुमच्या दाराच्या चौकटीपर्यंत आणि वाशांपर्यंत पोचते आणि पॅनल छान चकचकीत असल्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. बुरशीचा वास यायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. आईअण्णा दिवसरात्र त्याच हवेत राहणार, हेही लक्षात घ्या.

देवघराच्या कोपऱ्यातला डाग मात्र वेगळा आजार आहे. तो वरून आलाय, आणि माझा संशय कौल आणि पत्रा जिथे भेटतात त्या आढ्यावर आहे. तिथल्या कोन्यांचा, म्हणजे आढ्यावरच्या कौलांचा, मसाला तडकलेला असणार, किंवा पत्र्याच्या हुकांचे रबरी वॉशर उन्हाने कडक होऊन फाटले असणार, पाच-सहा पावसाळे झाले की ते होतंच. हूक पत्र्याच्या उंचवट्यावर न मारता खोलगट भागात मारले असतील तर पाणी तिथूनच येतं. अजून एक शक्यता, गळत काहीच नसेल आणि पत्र्याला रात्री आतून घाम सुटून तो टपकत असेल. पाऊस नसलेल्या रात्रीनंतरही सकाळी तिथे थेंब दिसले तर समजा घाम आहे.

म्हणून या रजेत रंग न देता एक काम करा जे फक्त पावसातच होतं, ते म्हणजे बघणं. जोराची सर आली की छत्री घेऊन घराभोवती फिरा. पागोळ्या नेमक्या कुठे पडतायत, किती उंच उडतायत, कोब्यावर पाणी कुठल्या दिशेने धावतंय, कुठे उभं राहतंय, मोबाईलवर शूट करून ठेवा. आत भिंतीवर ओल जिथपर्यंत चढलीय तिथे पेन्सिलने रेघ मारा आणि बाजूला तारीख लिहा, पुढच्या रेघा अण्णा मारतील, त्यांना सांगून ठेवा. आणि भिंतीच्या जरा बऱ्या जागी दीड-दोन फुटांचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवून दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला पाणी धरलं तर ओल भिंतीतून येतेय, खोलीकडच्या बाजूला धरलं तर घरातल्या दमट हवेचं पाणी थंड भिंतीवर बसतंय आणि मग उपाय खिडक्या उघडण्याचा आहे. एवढी माहिती हातात असली की डिसेंबरात गवंडी आल्यावर "बघतो करतो" म्हणत तो तुम्हाला भलतं काही करायला लावणार नाही.

पांढरी पूड कोरड्या ब्रशने झाडा आणि सुपलीत भरून बाहेर लांब टाका. पाण्याने धुऊ नका, धुतलं की मीठ विरघळून परत भिंतीत जातं. कपाटं आणि ट्रंका भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. पश्चिमेला झापांची झड जमली तर उत्तम, नाही तर वळचणीपासून ताडपत्री तिरपी बांधा, भिंतीला चिकटवून नको. आणि त्या ओल्या भिंतीवर स्विचबोर्ड असेल, हात लावला की झिणझिण्या येत असतील, तर बाकी सगळं ठेवा बाजूला आणि आधी वायरमनला बोलवा, ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच, बसवून घ्या. हे काम व्हिडिओ बघून करायचं नाही, आणि शेवाळलेल्या कौलांवर पावसात चढायचंही नाही, अण्णांना तर मुळीच चढू देऊ नका.

गणपतीचं काय, तर मखराच्या मागे बांबूची किंवा पाइपची चौकट भिंतीपासून चार बोटं पुढे उभी करा, त्यावर आईची जुनी सुती साडी किंवा नऊवारी ताणून लावा, खालून-वरून हवा खेळती राहू दे. पाच दिवस असोत की सात, विसर्जनानंतर उतरवून ठेवा. हे तुम्ही अर्ध्या दिवसात करू शकता आणि शोभेल सुद्धा. आई म्हणते भिंतीला हात लावू नको, त्यामागे घर ऐन सणात उघडं पडू नये हा विचार असणार आणि तो मला पटतो. ओल्या हवेत पुट्टी नीट सुकत नाही, चार दिवसांचे आठ दिवस होतात आणि गणपती घरी येतात तेव्हा घरभर धूळ असते.

आता अण्णा. त्यांना खर्च नको म्हणून ते चुना म्हणतात हे तुम्ही गृहीत धरलंय. खर्चाचा भाग असेलही, पण त्यांनी आयुष्यभर त्या भिंती बघितल्यात आणि चुन्यावर त्यांचा भरवसा आहे त्याला कारण आहे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि तरीही ओल आतून बाहेर जाऊ देतो, त्यामुळे भिंत सुकते. जांभ्याच्या भिंतीला तो चालतो, नुसता चालत नाही, तोच चांगला. पण "चुना मारा नि गप बसा" हे काही खरं नाही, कारण ऑइलपेंटवर चुना धरतच नाही, पोपडे होऊन पडतो, आणि कोब्याचं पाणी तसंच राहिलं तर चुन्याची भिंतसुद्धा दरवर्षी फुलणार. म्हणजे अण्णा औषध बरोबर सांगतायत पण पथ्य सांगत नाहीयेत. त्यांना पटवायच्या भानगडीत पडू नका, विचारा. कोब्याच्या आधी पावसात भिंत कुठपर्यंत ओली व्हायची, दिवाळीपर्यंत सुकायची का, ऑइलपेंट कधी दिला, वाळू कुठली होती. ही माहिती जगात फक्त त्यांच्याकडे आहे.

दादाशी बोलताना मात्र जपून. त्याने कोबा आईसाठी घातला, पदरचे पैसे घालून, आणि आता तुम्ही ठाण्याहून येऊन म्हणणार की घर तुझ्यामुळे ओलं झालं, तर तो पॅनलवर अडून बसणारच. सगळा कोबा फोडायची गरजही नाही. भिंतीलगतची दीड-दोन फुटांची पट्टी तेवढी कटरने कापून काढायची, माती खाली उतरवून घरातल्या जमिनीपेक्षा निदान अर्धा फूट खाली न्यायची, बाहेरच्या बाजूला उतार द्यायचा आणि वर खडी भरायची. पागोळ्या खडीवर पडल्या की उडत नाहीत. आईला चालायला कोबा आहे तसाच राहतो. कटरचं काम गडी लावून करा, खडी भरायला तुम्ही आणि दादा पुरेसे आहात. त्याला पावसातला व्हिडिओ दाखवा, बाकी काही बोलू नका.

हे दिवाळीनंतर लगेच करा, छपराचं कामही त्याच वेळी. भिंतीला मात्र तेव्हाही घाई नको. आधी ऑइलपेंटचा पट्टा खरवडायचा, आणि तो कोरडा घासून धूळ उडवायची नाही, कारण घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं भरपूर असू शकतं. पाणी शिंपडत पत्रीने काढा, तोंडाला चांगला मास्क लावा, लहान मुलं घरात नसताना करा आणि खरवड गोळा करून पिशवीत बांधा, परसात टाकू नका. मग पोकळ वाजणारं प्लास्टर ओलीच्या रेघेच्या फूट-दीड फूट वरपर्यंत पाडा. टिकावाच्या मुठीने ठोकत गेलात की बदबद आवाज येतो ते सगळं काढायचं. आणि मग भिंत उघडी ठेवायची. दिसायला वाईट दिसेल, शेजारी विचारतील, विचारू देत. जाड चिऱ्याची भिंत आठवड्यात सुकत नाही, महिने लागतात, म्हणून फेब्रुवारीपर्यंत वारं खाऊ दे. मधूनमधून लोणा फुलेल तो ब्रशने झाडत राहा, जितकं मीठ बाहेर येईल तितकं चांगलं.

मग दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, भरून प्लास्टर, त्यात नुसतं सिमेंट नको. एक भाग सिमेंट, दोन भाग चुना, नऊ भाग वाळू असा मसाला जांभ्याला चांगला, गवंडी म्हणेल एवढा चुना कशाला, तर निदान एक-एक-सहा तरी करायला लावा. वाळू नदीची धुतलेली किंवा क्रश सँड, खाडीची फुकट मिळाली तरी नको. प्लास्टर तुम्ही स्वतः करू नका, ताई, हे हाताच्या सवयीचं काम आहे. सात दिवस पाणी मारायचं काम घरातलं कुणीही करेल, पण नंतर ते चांगलं महिनाभर सुकू द्या.

आणि मग एप्रिलमध्ये तुमची पाळी, कारण चुना देणं खरोखर स्वतः करण्यासारखं काम आहे. कळीचा (न भिजवलेला, खड्यांचा) चुना मिळाला तर तो भिजवताना पत्र्याचा ड्रम घ्या, प्लॅस्टिकची बादली नको, कारण तो उकळतो. आधी पाणी आणि त्यात चुना थोडा थोडा टाकायचा, उलटं कधीच नाही, डोळ्याला गॉगल, हातात मोजे, आणि आजूबाजूला मुलं-मांजरं नकोत. एक-दोन दिवस मुरू दे, फडक्यातून गाळा, थोडं डिंकाचं पाणी घाला म्हणजे हाताला कमी लागतो. चमचाभर नीळ घातली की पांढरा उजळ दिसतो, पिवळसर हवा असेल तर पिवळी माती. भिंत हलकी ओली करून चुना मारायचा, इतका पातळ की ब्रश उचलला की टिपकला पाहिजे. पहिला हात दिल्यावर काहीच दिसत नाही, भिंत नुसती ओली दिसते आणि माणूस घाबरून जाड थर मारतो. तिथेच सगळं बिघडतं, जाड चुना फाटतो. धीर धरा, सुकताना तो पांढरा होत जातो. एक दिवस सोडून एक असे तीन-चार पातळ हात द्या. अण्णांना खुर्ची टाकून समोर बसवा, चूक झाली की ते सांगतीलच.

अशीच पत्रं अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळीकडून येतात म्हणून बाकीच्यांसाठी थोडं. उघड्या चिऱ्याची नवी घरं बांधून त्यावर चकाकी यावी म्हणून क्लिअर कोट मारतात, त्यांनी वळचण दोन फूट वाढवली असती तर जास्त उपयोग झाला असता. कोट मारायचाच असेल तर पूर्ण कोरड्या भिंतीवर, मार्च-एप्रिलमध्ये, आणि ओल बाहेर जाऊ देणारा आहे का ते विचारून. ज्यांचं घर स्लॅबचं आहे आणि छताचा गिलावा पडून गंजक्या सळ्या दिसतायत त्यांनी पुट्टीने खड्डा बुजवू नये, गंजून सळी फुगते म्हणूनच काँक्रीट फुटलंय, खाऱ्या हवेत ते थांबत नाही आणि ते काम इंजिनिअरला दाखवूनच करायचं. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी निदान प्लॅस्टिकची चाचणी करून घरमालकाला फोटो पाठवावा, बोलण्यापेक्षा फोटो बरा पडतो.

राहिला तुमचा डबा. वॉटरप्रूफ रंग वाईट नसतो, त्याची जागा वेगळी आहे. बिल असेल आणि सील फोडलं नसेल तर दुकानदाराला परत घेतो का विचारा. नाही घेतला तर डब्यावरची मुदत बघा, आणि नव्या न्हाणीघराचा स्लॅब पावसात पाझरतो असं तुम्ही शेवटी लिहिलंय, हा रंग गच्चीला चालतो असं डब्यावर लिहिलेलं असेल तर फेब्रुवारीत स्लॅब घासून, भेगा भरून, पूर्ण कोरडा झाल्यावर वरच्या बाजूने दोन हात द्या. रोलर तिथेच लागेल. पुट्टी मात्र कुणाला तरी देऊन टाका, पुढच्या वर्षापर्यंत ती टिकणार नाही.